पाच सांगा, सात आणतील

आमच्या भाटव्यांना एक किलो साखर आणायला सांगितली की ते दोन किलो आणायचे. पाव किलो आलं सांगितलं की अर्धा किलो. मी कॉलेजात असताना एकदा सहा नंबरची चप्पल सांगितली होती, तर सात नंबरची घेऊन आले आणि वर मलाच विचारलं, "पाय काय तेवढाच राह्यते का वं?" मी वीस वर्षांची होते. माझे पाय वाढायचे ते वाढून झाले होते. ती चप्पल मी फटक फटक वाजवत झिजेपर्यंत वापरली आणि चालताना भाटव्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. मोठ्याने घालायची सोय नव्हती.

भाटवे म्हणजे मोठ्या बहिणीचा नवरा. बालाघाटात आमच्या वॉर्डात हा शब्द अजून चालतो. शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या घरांत त्याचे जीजाजी होतात, पण जीजाजी म्हटलं की मला कोणीतरी लग्नातला नट्टापट्टा केलेला माणूस दिसतो. आमचे भाटवे तसे नव्हते. उंच, वाळके, रापलेले. राजेगाव ओलांडून गोंदियाकडे निघालं की थोडं आत त्यांचं गाव. स्वतःचा छोटा हत्ती होता, म्हणजे ती चारचाकी छोटी मालगाडी. लालबर्ऱ्याच्या राइस मिलमधून तांदळाची पोती भरायची आणि गोंदियाला उतरवायची, हा त्यांचा धंदा. येता-जाता आमचं घर वाटेत पडायचं. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून, तांदळाचा कोंडा झटकून, सीटखाली ठेवलेला इस्त्रीचा शर्ट चढवूनच ते आमच्या दारात उभे राहत. सासुरवाडीला मळक्या कपड्यात कधी आले नाहीत.

"पुरून उरलं पायजे," हे त्यांचं ब्रीद. हे वाक्य म्हणताना ते तळहात पालथा करून हवेत फिरवायचे, पसरलेल्या धान्यावरून हात फिरवावा तसा. एकदा ताईने त्यांना माझ्यासमोरच झापलं होतं, की आमच्या तिघांच्या घरात एवढा मोठा फणस कशाला आणला. तेव्हा ते हसून म्हणाले, "आमच्या घरी आमी सहा भाऊ-बहिनी. भाजीचं गंज नेहमी माह्याच ताटापाशी येऊन खाली होये. तवापासून मी ठरवलं, आपन आनू तं गंज खाली होऊच द्याचं नाई." गंज म्हणजे आमच्याकडे पातेलं. एवढं सांगून त्यांनी फणस चिरायला घेतला. अर्धा फणस शेवटी गल्लीत वाटावा लागला.

आता कोणी म्हणेल, एवढा देणारा माणूस, त्यात तक्रार कसली? तक्रार अशी, की जास्त आणलेली वस्तू बऱ्याचदा कामाचीच नसे. आईने पाच लिटरचा कुकर सांगितला, साडेसात लिटरचा आला. तिघांपुरती डाळ त्याच्या तळाशी जाऊन बसायची आणि करपायची. दोन शेगड्यांची गॅसची चूल सांगितली, चार शेगड्यांची आली. ती ओट्यावर मावेना, म्हणून तिचा एक पाय कायम ओट्याच्या बाहेर लोंबकळत होता, खाली विटा रचून टेकू दिला होता. बाबांना लकवा झाला, उजवी बाजू गेली, वाचाही अर्धी गेली. डॉक्टरांनी साधी काठी घ्या म्हटलं. भाटव्यांनी चार चाकांचा वॉकर आणला, ब्रेकसकट. तो आमच्या न्हाणीच्या दारातून जात नव्हता. बाबा दारापर्यंत ऐटीत जायचे आणि तिथून पुढे मी आणि आई त्यांना काखेत धरून न्यायचो.

आणि या प्रत्येक वस्तूला आमच्या घराने "वा, छान" म्हटलेलं आहे. कारण भाटवे जावई होते. जावयाला आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही. त्यांच्यासाठी भिंतीला टेकवलेली वेगळी खुर्ची, वेगळा पेला. ते आले की आई डोक्यावर पदर घेऊन स्वयंपाकघरात, आणि तिथून डोळ्यांनी मला सूचना. मी तोंड उघडायच्या बेतात असले की आतून भांडं वाजायचं. "जवाई मानूस हाय, सुजू. तुह्या बहिनीले तिथं नांदाचं हाय," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते सुरू झालं की मी उठून पाणी प्यायला जायची.

हे सगळं मी गिळलं असतं. लॅपटॉप नाही गिळता आला.

माझा सिव्हिलचा डिप्लोमा झालेला. गावातल्या एका इंजिनीअरच्या ऑफिसात मी काही वर्षं घरांचे नकाशे काढले. मग नागपूरच्या एका आर्किटेक्ट मॅडमनी माझं काम पाहिलं आणि विचारलं, घरून काम करशील का? इमारत बांधायच्या आधी ती बांधून झाल्यावर कशी दिसेल, खिडकीतून ऊन कसं येईल, जिन्यावर सावली कुठे पडेल, हे सगळं संगणकावर तयार करायचं काम. पगार चांगला. अट एकच, लॅपटॉप स्वतःचा आणि दणकट. पहिले तीन महिने पाहू म्हणाल्या. जमलं तर कायम, नाहीतर नागपूरला येऊन ऑफिसातल्या मशीनवर बस. नागपूरला राहायला जाणं मला शक्य नव्हतं. आई एकटी बाबांना उचलू शकत नव्हती. म्हणजे लॅपटॉप चालला तर नोकरी आणि घर दोन्ही, नाही चालला तर दोन्हींतलं एक. एवढा साधा हिशोब होता.

मॅडमनी फोनवर मला नीट समजावलं होतं. "सुजाता, प्रोसेसर नीट बघून घे. आय-फाइव्ह पुरेल तुला, पण पुढे एच अक्षर असलेला हवा. दुकानदार तुला आय-सेव्हन दाखवेल. त्यात यू वाला असेल तर घेऊ नको, कितीही भारी वाटला तरी. यू म्हणजे बॅटरी वाचवणारा, पत्र-बित्र लिहायला उत्तम. आपलं काम तासन् तास पूर्ण जोर मागतं." मी चार रात्री मोबाइलवर हेच वाचत काढल्या. एकाने लिहावं पाच घ्या, दुसऱ्याने लिहावं पाच घेऊन पस्तावलो. एक म्हणे जुना सात नव्या पाचापेक्षा मागे, दुसरा म्हणे सात तो सातच. कोणी दुसऱ्याच कंपनीचा रायझन घ्या म्हणून शपथा घालत होता. डोकं पार भंजाळलं. शेवटी मॅडमच्या शब्दावर विश्वास ठेवून मी एक मॉडेल पक्कं केलं. आय-फाइव्ह, एच वाला, वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा. जाडजूड, वीट दिसावी असा.

ते मॉडेल बालाघाटात मिळेना. ऑनलाइन मागवते म्हटलं तर भाटवे नेमके त्याच वेळी चहा पीत बसलेले. पेला खाली ठेवला त्यांनी. "मी असतानी कुरियरवाल्याच्या हातून घेशील? गोंदियाले मी रोज जाऊन राह्यलो. नाव लिहून पाठवजो, बस." आतून भांडं वाजलं. मी नाव लिहून पाठवलं. शेवटी स्वतंत्र ओळीत ठळक लिहिलं, 'हाच. दुसरा कोणताही नको.' आणि माझे साठवलेले पैसे त्यांच्या खात्यात टाकले. त्या दिवशी बाबांना व्यायामाच्या डॉक्टरकडे न्यायचं नसतं तर मी त्या छोट्या हत्तीत बसून स्वतः गेले असते.

दोन दिवसांनी गल्लीत हॉर्न वाजला. एरवी ते गल्लीच्या तोंडाशी गाडी लावतात; त्या दिवशी दारापर्यंत आणली. इस्त्रीचा शर्ट. हातात खोकं नव्हतं, उघडा लॅपटॉपच होता, एखाद्या नवरीचं ताट धरावं तसा दोन्ही हातांवर. सुंदर होता, खोटं कशाला बोलू. चंदेरी, पातळ, वहीएवढा. आणि मी वीट सांगितली होती.

"पाच सांगतला होता ना तू?" भाटवे म्हणाले. "सात आनला! वरचे पैसे माहे. त्याची गोष्ट नोको काढू."

"भाटवे, त्याच्यापुढे एच अक्षर होतं..."

"अक्षर-बिक्षर काही नसते वं. आकडा पाहाचा असते. दुकानवाला म्हने, भाऊ, पाचच पायजे का? मी म्हटलं, काहून, सात नाई का तुह्याकडं? आमची पोट्टी इंजिनीअर आहे, तिले पाच नेऊन देऊ का?"

आणि त्यांनी लॅपटॉप मिटवून मला त्याचं झाकण दाखवलं. गाड्यांवर नंबर आणि 'आईचा आशीर्वाद' लिहून देणारे रेडियमवाले असतात ना, त्यातल्या एकाकडून त्यांनी त्या चंदेरी झाकणावर लाल चमकत्या अक्षरांत लिहून आणलं होतं, 'इंजि. सुजाता'. मी डिप्लोमावाली. तिथेही एक पायरी वरचीच आणली होती. खोकं फोडलेलं, नाव चिकटवलेलं, आता कोणता दुकानदार परत घेणार होता? बाबा पलंगावरून अर्ध्या तोंडाने "छा...न" म्हणाले. आईने माझ्या कमरेला असा चिमटा काढला की माझ्याही तोंडून "छान" निघालं.

मग सुरू झाले माझे हाल. मेल लिहायला, नकाशा उघडायला तो लॅपटॉप हरणासारखा पळायचा. पण इमारतीचं चित्र तयार करायला लावलं की थोड्याच वेळात त्याचा पंखा किंचाळायला लागायचा, अंग तापायचं आणि मग तो हळू हळू हळू व्हायचा. दुपारी संपायचं काम दिवेलागणीलाही निम्म्यावर असायचं. कधी मध्येच काळा पडदा, की केलेलं सगळं पाण्यात. मी त्याला दोन वाट्या पालथ्या घालून त्यावर बसवलं, खालून वारा जावा म्हणून. एप्रिल सुरू झाला तसं तेवढ्याने भागेना. घरात टेबलफॅन एकच होता, बाबांच्या उशाचा. तो मी लॅपटॉपकडे वळवला. बाबा घामाने निथळत पडून राहायचे आणि मी फॅन त्यांच्याकडे फिरवायला उठले की डाव्या हाताने खूण करायचे, राहू दे, तिकडेच राहू दे. आई पदराने त्यांना वारा घालायची. मला त्या लाल रेडियमकडे बघून रडू यायचं, आणि रडण्यापेक्षा संताप जास्त.

मॅडम दोनदा गोड बोलल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "सुजाता, काम सुंदर आहे, पण वेळेत नाही. क्लायंट माझ्यासमोर बसलेला असतो. या महिन्याचं शेवटचं काम वेळेत आलं नाही तर तुला इथे यावं लागेल, नाहीतर मला दुसरी मुलगी बघावी लागेल." त्यांचं काही चुकत नव्हतं.

मी ताईला फोन केला. म्हटलं, भाटव्यांना सांगते सगळं. ताई घाबरली. "नोको वं बाई! त्याइनं साऱ्या गावाले सांगतलं, साळीले सात घेऊन देल्ला म्हनून. मिलमधल्या हमालाइलेही सांगून राह्यले. त्याइचं तोंड किती उतरन?" साळी म्हणजे मी, त्यांची मेहुणी. तिकडे भाटवे रोज मला विचारायचे, "कसा पळून राह्यला सात?" आणि मी लिहायची, 'मस्त.' ते यायचे म्हटलं की आम्ही वाट्या उचलायचो, फॅन बाबांकडे फिरवायचो. एका माणसाला वाईट वाटू नये म्हणून अख्खं घर नाटक करत होतं आणि त्या नाटकात माझी नोकरी चालली होती.

महिन्याचं शेवटचं काम एका दवाखान्याच्या इमारतीचं होतं. सकाळी लवकर लावलं. दुपारपर्यंत जवळजवळ होत आलं होतं. फॅन लॅपटॉपवर, वाट्या खाली, बाबा घामाघूम. मी आतमध्ये दोन घास खायला गेले आणि तेवढ्यात, हॉर्न न वाजवता, भाटवे आले. मी बाहेर आले तेव्हा ते बाबांचा घाम आपल्या रुमालाने पुसत होते आणि फॅन त्यांनी बाबांकडे फिरवलेला होता. लॅपटॉपच्या पंख्याचं किंचाळणं वाढत गेलं, मग एकदम थांबलं. पडदा काळा.

मी काय काय बोलले ते मला सगळं आठवतं आणि त्यातला एकही शब्द मागे घ्यावा असं वाटत नाही. "पाच सांगितला होता मी, भाटवे! पाच! 'दुसरा कोणताही नको' असं लिहिलं होतं! कोणी सांगितलं होतं तुम्हाला सात आणायला?" आतून भांडं वाजलं, मग दुसरं वाजलं, मग आई स्वतःच धावत आली. मी थांबले नाही. नोकरी चालली, नागपूर, मॅडम, वाट्या, फॅन, सगळं बाहेर आलं. "तुमच्या छोट्या हत्तीच्या जागी कोणी तुम्हाला रेसची मोटरसायकल आणून दिली आणि म्हटलं, घ्या, ही जास्त पळते, तर पोती कशावर भराल? ही मोटरसायकल आहे, भाटवे. मला हत्ती पाहिजे होता."

ते खाली बसले. आपल्या नेहमीच्या खुर्चीवर नाही, बाबांच्या पलंगाच्या कडेवर. लॅपटॉप उचलून त्यांनी खालच्या वाट्या पाहिल्या.

"पहिल्या दिवशी काहून नाई सांगतलं?"

आईने माझ्याकडे पाहिलं, मी वाट्या गोळा करायला लागले.

"आई, कुकर मोठा झाला होता का?" त्यांनी आईकडे न बघताच विचारलं.

आईने पदर तोंडाशी नेला. "थोडासा मोठाच झाला, जवाई."

"आन् चूल?"

"वट्यावर बसत नाई."

ते बाबांकडे वळले. बाबांनी डावा हात उचलून आधी वॉकरकडे, मग न्हाणीच्या दाराकडे दाखवला आणि नकारार्थी हलवला. भाटव्यांना हसू आलं. मग ते हसू मध्येच कुठेतरी मोडलं. "इतके वर्ष मी या घरी येऊन राह्यलो," ते म्हणाले, "मले एकानंही नाई म्हटलं नाई. मले वाटे, किती बरोबर आनतो मी. माही माय मले दिवसभर शिव्या देते. हे काहून आनलं, ते काहून आनलं. कारन मी तिच्या घरचा आहो. इथं मी पाहुनाच राह्यलो न बापा. मले घरचा समजा ना तुमी. चुकलं तं चुकलं म्हना."

आई रडायला लागली. मला रडू आलं नाही, मी अजून तापलेलीच होते. पण त्या दिवशी ते चटईवर बसून आमच्याबरोबर जेवले आणि आई पदर न घेता वाढत होती.

मॅडमना मी खरं ते सांगून दोन दिवस मागून घेतले. दुसऱ्या दिवशी ताई येऊन बाबांपाशी बसली आणि मी छोट्या हत्तीत बसून गोंदियाला गेले. वाटेत मी दम भरला, दुकानात तोंड उघडायचं नाही. "हौ," भाटवे म्हणाले. दुकानदाराने पाच दाखवला, मग सवयीने म्हणाला, याच्यावर सात आहे, नऊपण आहे. भाटव्यांनी काउंटरची कड घट्ट धरली.  पण गप्प राहिले बिचारे. मी वीट उचलली. हप्ते माझ्या नावावर घेतले आणि त्यांना खिशात हात घालू दिला नाही. दवाखान्याचं काम त्या विटेने चहा होईपर्यंत बरंचसं उरकलं. चंदेरी लॅपटॉप भाटव्यांनी आपल्या गावच्या विहारातल्या अभ्यासिकेला देऊन टाकला. परीक्षेचे अर्ज भरायला तो उत्तम आहे.

नोकरी कायम झाली. भाटवे मात्र सुधारले नाहीत, आणि सुधारतील अशी माझी अपेक्षाही नव्हती. फरक एवढाच पडला, की पिशवी खाली ठेवायच्या आधी दारातूनच विचारायचे, "बोल, किती शिव्या?" मीही मग हात आखडता घ्यायची नाही. "भाटवे, तिघं आहोत आम्ही, ही दोन किलो मासोळी काय वैनगंगेत परत सोडू?" त्यांना कोण आनंद व्हायचा. ताई फोनवर सांगायची, घरी गेले की शिव्यांची उजळणी करतात, सासूबाईंना चालीसकट म्हणून दाखवतात. त्यांच्याशी भांडणं ही माझी चैन झाली होती. चिडायची, खूप चिडायची, आणि ते आले नाहीत की चुकल्यासारखं व्हायचं.

या हिवाळ्यात, धानाचा हंगाम भरात असताना, ते एका दुपारी आले. चहा अर्धा ठेवला. जेवायला नको म्हणाले. छातीवर हात फिरवत होते. मी विचारलं, काय होतंय? "काही नाई वं, गॅस झाला." मी म्हटलं, पुढच्या गल्लीत डॉक्टर आहे, चला, मी येते बरोबर. "हौ, गोंदियाले दाखवतो ना. गाडी भरून उभी आहे." मी दारापर्यंत वाद घालत गेले. ते हसत गाडीत बसले. राजेगावच्या अलीकडे गाडी रस्त्याच्या कडेला लावलेली सापडली. नीट लावलेली, हँडब्रेक ओढलेला, पोती दोरीने बांधलेली. भाटवे स्टिअरिंगवर डोकं टेकून होते.

मग कळलं, दुखणं महिनाभर चाललं होतं. गोंदियाच्या डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, नागपूरला भरती व्हा. ताईला सांगितलं नाही, ती घाबरेल म्हणून. आम्हाला सांगितलं नाही, कारण, आणि हे त्यांनी त्यांच्या हमालाला बोलून दाखवलं होतं, "सासुरवाडीले आधीच एक बिमार आहे. तिथं आपन कायले हात पसराचा?" नागपूरला मी महिन्यातून एकदा कामाला जातच होते. मॅडमच्या ओळखीचा दवाखाना होता, त्याच्याच नव्या इमारतीचं चित्र मी तयार केलं होतं. एक फोन पुरला असता. नुसता एक फोन.

पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला विहारात जागा उरली नव्हती. मिलवाले, हमाल, गोंदियाचे दुकानदार, सगळे. एकेक जण माइकवर येऊन सांगत होता, भाऊंनी कधी कोणाले कमी देल्लं नाई, भाऊंनी कधी कोणाले काही मांगलं नाई. प्रत्येकजण हे कौतुकाने सांगत होता आणि माझ्या कपाळाची शीर तडतडत होती. मग कोणीतरी म्हणालं, त्यांच्या लाडक्या साळीने दोन शब्द बोलावे. आईने माझा हात धरला, मी सोडवला.

मी म्हणाले, "आमच्या घरी बसून भाटवे म्हणाले होते, मले घरचा समजा. आम्ही समजलो. त्यांना तोंडावर शिव्या द्यायला लागलो, चटईवर जेवायला बसवलं. ते मात्र आम्हाला घरचे समजले नाहीत. दोन किलो द्यायला येत होते, दुखतंय एवढं सांगायला नाही आले." आणखी बोलायचं होतं, पण तेवढ्यावरच थांबले. माइक मी कोणाच्या तरी हातात दिला.

 मागून कोणीतरी कुजबुजलं, असं बोलतात का गेलेल्या माणसाबद्दल. तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरून ताई उठली, सगळ्यांच्या देखत माझ्यापाशी आली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "अजून बोल, सुजू. मीबी हेच म्हनून राह्यली त्याइले तीन दिवसापासून."